कमाटीबाग: आधी म्युझियम, मग बाग

बडोद्यात पाहुणे आले की कमाटीबाग ठरलेलीच. १८७९ मध्ये सयाजीराव महाराजांनी वसवलेली ही बाग शंभर एकरांहून मोठी आहे, आणि बहुतेकांचा क्रम नेमका उलटा होतो. मुलं आधी टॉय ट्रेनकडे आणि प्राण्यांकडे ओढतात, उन्हात तंगडतोड होते, मग म्युझियममध्ये सगळे नुसते बाकडी शोधतात. म्हणून काळ्या घोड्याच्या, म्हणजे सयाजीरावांच्या अश्वारूढ पुतळ्याच्या, बाजूने शिरून आधी म्युझियम गाठा, तेही सकाळीच. निदान दोन तास हाताशी ठेवा. मुलांना निळ्या देवमाशाचा सांगाडा आणि इजिप्तची ममी दाखवली की ती खूश. मोठ्यांनी बडोद्यातल्याच अकोट्याला सापडलेल्या जैन कांस्यमूर्तींपुढे थांबावं. चांदीचं जडावकाम केलेले डोळे तिरकं बघितल्यावरच उठून दिसतात. चित्रदालन घाईत उरकू नका. त्यासाठी दुसरी खेप परवडली.

फुलांचं घड्याळ चालवणारी यंत्रं जमिनीखाली आहेत, हे मुलांना आवर्जून सांगा. टॉय ट्रेन सुरू असेल तर ती शेवटी, पण रविवारची संध्याकाळ टाळून.

पावसाळ्यात विश्वामित्रीच्या काठाला उतरू नका: नदीत मगरी आहेत, अगदी खऱ्या. सुट्टीचे वार प्राणिसंग्रहालयाचे वेगळे, म्युझियमचे वेगळे. निघण्याआधी दोन्ही बघा.