लोणारचा गाळ वाचायला शिकताना

लोणारच्या गाळावर काम सुरू केले तेव्हा माझी समजूत अशी होती की, सरोवराच्या जुन्या पातळ्या काठावर रेघांसारख्या उमटलेल्या असतील आणि त्या मोजल्या की काम संपेल. प्रत्यक्षात माझे बहुतेक दिवस सूक्ष्मदर्शकाखाली, बशीभर काळ्या, उग्र वासाच्या चिखलात चिमट्याने चाचपडण्यात गेले.

उल्का आदळून बसाल्टमध्ये तयार झालेल्या या सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरातून पाणी ओढ्यावाटे बाहेर पडत नाही. त्यामुळे पाऊस घटला की बाष्पीभवन वरचढ ठरते, पातळी उतरते आणि क्षार दाट होतात. ते फारच दाट झाले की गाळात गेलुसाइटचे, म्हणजे सोडियम आणि कॅल्शियमच्या सजल कार्बोनेटचे स्फटिक वाढतात. येथून काढलेल्या सुमारे १० मीटर लांबीच्या कोअरमध्ये, म्हणजे तळात नळी खुपसून काढलेल्या गाळाच्या उभ्या नमुन्यात, साधारण ११,००० वर्षांचा गाळ आहे आणि हे स्फटिक त्यात दोन पट्ट्यांत आढळले: अंदाजे ४,६०० ते ३,९०० आणि २,००० ते ६०० वर्षांपूर्वीच्या. हे दीर्घ कोरडे काळ मानले जातात.

नवख्याची चूक मीही केली. गाळातील ओलावा मोजण्यासाठी नमुने रात्रभर ओव्हनमध्ये ठेवले आणि सकाळी पाहतो तो काचेसारखे स्फटिक खडूसारखे पांढरे, ठिसूळ झालेले. त्यांच्या रचनेतले पाणीच उडून गेले होते. म्हणून आधी स्फटिक वेगळे करावेत, मग उरलेला गाळ वाळवावा.

कालमापनात याहून मोठा धोका आहे. सरोवरातील जीव पाण्यात विरघळलेला जुना कार्बन वापरतात, त्यामुळे सरसकट गाळाचे रेडिओकार्बन वय खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकते. काठावरची झाडे मात्र हवेतला कार्बन घेतात, म्हणून त्यांचे पान किंवा काटकी सापडली तर ती सोन्यासारखी जपावी. माझ्या मते अशा एका काटकीपुढे सरसकट गाळाची चार वये फिकी आहेत.

एका खुणेवर मात्र पातळी ठरवू नये. परागकण, समस्थानिके (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) आणि गाळाच्या कणांचा आकार एकाच दिशेने बोट दाखवतात का, हे पाहावे. शिवाय विवरात केवळ पाऊस पडत नाही, तर झरेही उतरतात. विवराच्या कडेवरच्या गोमुख झऱ्याची धार तर आजही वाहते. त्यामुळे कोअरला हात लावण्यापूर्वी निदान एक वर्षभर पाऊस, धार आणि पातळी यांची नोंद ठेवावी. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले, तेव्हा क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांइतकीच उतरलेल्या पातळीचीही चर्चा झाली होती. आणि माझ्या वहीत त्या उन्हाळ्याचे रकाने कोरे होते.