पेशीश्वसन शिकताना या चुका टाळा

दहावी-बारावीच्या उत्तरपत्रिकांत क्रेब चक्राची (पेशीत अन्नाचं विघटन करून ऊर्जा काढणाऱ्या अभिक्रियांच्या चक्राची) आकृती बहुधा सुबक असते. बाण जागच्या जागी, नावं तोंडपाठ. मग खाली साधा प्रश्न येतो, आपण श्वासाबरोबर घेतलेल्या ऑक्सिजनचं पुढे काय होतं? आणि निम्मा वर्ग लिहितो, 'त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो.'

होत नाही. त्याचं पाणी होतं. कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन येतो तो खाल्लेल्या अन्नातून आणि चक्रात वापरल्या जाणाऱ्या पाण्यातून. श्वासातला ऑक्सिजन तंतुकणिकेच्या (पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या अंगकाच्या) आतल्या पटलावर, इलेक्ट्रॉन वहन साखळीच्या, म्हणजे इलेक्ट्रॉन पुढे-पुढे सोपवणाऱ्या प्रथिनांच्या रांगेच्या, अगदी शेवटच्या टोकाला उभा असतो. तिथे तो इलेक्ट्रॉन आणि हायड्रोजन आयन घेऊन पाणी बनतो. चूक होते ती त्या एका ओळीच्या समीकरणामुळे. डावीकडे ग्लुकोज आणि ऑक्सिजन, उजवीकडे कार्बन डायऑक्साइड आणि पाणी; मधल्या बाणात काय काय घडतं ते कुणी विचारत नाही. बाण पाठ करण्याऐवजी कोणता अणू कुठे गेला याचा माग काढायची सवय लावली, तर पुढच्या बऱ्याचशा चुका होतच नाहीत.

इथे चुणचुणीत मुलं अडवतात. क्रेब चक्राच्या एकाही पायरीत ऑक्सिजन वायू लागत नाही, मग ऑक्सिजन बंद झाला की चक्र का थांबतं? दूध डेअरीतले प्लास्टिकचे कॅरेट आठवा. रिकामे कॅरेट परत आले नाहीत तर नवीन पिशव्या भरायच्या कशात? एनएडी हा रेणू म्हणजे तो कॅरेट. अन्नातून काढलेला हायड्रोजन घेऊन तो साखळीपाशी जातो, तिथे रिकामा होऊन परत येतो. ऑक्सिजन नसला की साखळी तुंबते, सगळे कॅरेट भरलेलेच राहतात आणि मागचं काम ठप्प होतं.

किण्वनाबद्दलची, म्हणजे ऑक्सिजनशिवाय अन्नातून ऊर्जा काढण्याबद्दलची, चूकही इथलीच. 'लॅक्टिक आम्ल तयार होताना २ एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू) मिळतात' असं लिहू नका. ते २ एटीपी आधीच, ग्लुकोजचं पायरुवेट होताना पेशीद्रवात मिळालेले असतात. तिथेही ४ बनतात, पण सुरुवातीला २ खर्च झालेले असतात. पायरुवेटचं लॅक्टिक आम्ल होण्याच्या पायरीत एटीपी शून्य. ती पायरी फक्त कॅरेट रिकामे करते. (राजगड चढून आल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्याचं खापरही लॅक्टिक आम्लावर फोडू नका. ते व्यायामानंतर तासा-दोन तासांत रक्तातून निपटलं जातं. दुखतात ते स्नायूंतले ताणलेले, बारीक इजा झालेले तंतू.)

आता ३८ चा घोळ. शालेय पुस्तकांत एका ग्लुकोजमागे ३८ एटीपी सापडतात, वरच्या वर्गात ३० किंवा ३२. दोन्ही आकडे वाचून मुलं गांगरतात. जुना हिशेब एका एनएडीएचमागे (भरलेल्या कॅरेटमागे) ३ आणि एफएडीएच२ मागे (तशाच दुसऱ्या भरलेल्या वाहकामागे) २ एटीपी धरतो. पण साखळी थेट एटीपी बनवत नाही. ती पटलाच्या एका बाजूला प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजन आयन, साठवते आणि ते परत वाहताना एटीपी बनतं. पीटर मिचेल यांनी हे १९६१ मध्ये मांडलं, नोबेल मिळालं १९७८ मध्ये. प्रोटॉन मोजले तर भाव येतो २.५ आणि १.५. मग १० एनएडीएचचे २५, २ एफएडीएच२ चे ३ आणि थेट बनलेले ४, एकूण ३२. पेशीद्रवातले २ एनएडीएच तंतुकणिकेत कमी फायद्याच्या वाटेने शिरले तर ३०. परीक्षेत तुमच्या पुस्तकातला आकडा लिहा, मनात मात्र हा हिशेब ठेवा.

'एटीपीचा बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते' हे वाक्यही जपून वापरा. कुठलाही बंध तोडायला ऊर्जा लागतेच. पाण्याशी अभिक्रिया होऊन तयार होणारे पदार्थ एटीपीपेक्षा जास्त स्थिर असतात, त्या फरकातून ऊर्जा मिळते. जाता जाता, हा रेणू शोधणाऱ्यांत आपल्याकडचे यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्याबरोबर त्यांनी ते काम १९२९ मध्ये प्रसिद्ध केलं. जर्मनीत कार्ल लोमान यांनीही त्याच वर्षी. आपल्या मुलांना हे नाव माहीत नसतं, याचं मला वाईट वाटतं.

झाडं फक्त रात्री श्वसन करतात, हे तर पाचवीतच विसरायला हवं होतं. ती चोवीस तास करतात.

प्रयोगातल्या चुका वेगळ्याच. मोड आलेली मटकी शंकुपात्रात, आत पोटॅशियम हायड्रॉक्साइडची छोटी नळी, वाकड्या नळीचं टोक पाण्यात. नळीत पाणी चढतं. कारण विचारलं की 'कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला म्हणून'. वायू बाहेर पडला तर पाणी खाली ढकललं जाईल ना! मटकी ऑक्सिजन घेते, बाहेर टाकलेला कार्बन डायऑक्साइड हायड्रॉक्साइड शोषून घेतं, आतला वायू कमी होतो, म्हणून पाणी चढतं. पाणी चढलंच नाही तर आधी बुचाभोवती व्हॅसलीन लावा. दहापैकी आठ वेळा हवा तिथूनच शिरते.

थर्मासचा प्रयोग मला जास्त आवडतो. एकात मोड आलेली मटकी, दुसऱ्यात उकळून गार केलेली, दोन्हींत तापमापी, तोंडाला कापसाचा बोळा. घट्ट बूच लावू नका, ऑक्सिजन संपेल. पहिला थर्मास गरम होतो, कारण ग्लुकोजमधल्या ऊर्जेचा साधारण एक तृतीयांश भागच एटीपीत उतरतो, बाकीची उष्णता होऊन जाते. पण दोन-तीन दिवसांत दुसराही गरम होऊ लागतो आणि मुलं 'प्रयोग फसला' म्हणून वही मिटतात. वही मिटण्याआधी त्या थर्मासचा वास घ्या. मेलेल्या मटकीवर जीवाणू आणि बुरशी जेवायला बसलेली असतात, आणि त्यांचंही श्वसन जोरात चाललेलं असतं. पुढच्या वेळी उकळलेली मटकी थर्मासमध्ये घालण्याआधी जंतुनाशकाच्या पातळ द्रावणातून काढा.