नावातला के९

सीसीएनए या सिस्कोच्या नेटवर्किंग परीक्षेच्या अभ्यासात एसएसएच (राउटरवर दुरून सुरक्षितपणे लॉगिन करायची पद्धत) आलं, तेव्हा मी जीएनएस३मध्ये, म्हणजे संगणकावरच सरावाचं नेटवर्क उभारायच्या प्रोग्राममध्ये, सिस्कोचा ३७२५ राउटर ठेवला. होस्टनेम दिलं, डोमेन दिलं आणि 'क्रिप्टो की जनरेट आरएसए' ही एसएसएचसाठी किल्ली बनवणारी कमांड टाइप केली. उत्तर आलं 'इनव्हॅलिड इनपुट', आणि त्या चुकीची खूण थेट पहिल्याच शब्दाखाली. स्पेलिंग पाहिलं, राउटर पुन्हा टाकला, जीएनएस३सुद्धा नव्याने बसवलं. दोन संध्याकाळी अशाच गेल्या. कमांड बरोबरच होती, पण माझ्या इमेजमध्ये, म्हणजे राउटरची आयओएस ही ऑपरेटिंग सिस्टीम असलेल्या फाइलमध्ये, क्रिप्टो (एन्क्रिप्शनचा भाग) नव्हतंच. फाइलच्या नावात स्वच्छ 'आयपीबेस', म्हणजे क्रिप्टो नसलेला साधा संच, असं लिहिलेलं होतं. पण नाव वाचतो कोण!

म्हणून आधी नाव वाचायला शिका. उदाहरणार्थ, सी३७२५-अ‍ॅडव्हएंटरप्राइजके९-एमझेड.१२४-१५.टी१४.बिन. सुरुवातीला राउटरचं मॉडेल. मग फीचर सेट (इमेजमध्ये कोणत्या सोयी आहेत ते), त्यातला के९ म्हणजे मजबूत एन्क्रिप्शन, आणि एसएसएच हवं असेल तर नजर तिथेच जायला हवी. 'एम' म्हणजे इमेज रॅममधून चालते, 'झेड' म्हणजे ती झिप केलेली आहे. शेवटचे आकडे आवृत्तीचे : १२.४(१५)टी१४.

अर्थात नाव कुणीही बदलू शकतं, विशेषतः मित्राच्या पेनड्राइव्हवरून आलेल्या फाइलचं. लिनक्सवर 'अनझिप -एल' चालवा, ते आत काय आहे त्याची यादी दाखवतं. सुरुवातीला जास्तीचे बाइट्स आहेत अशी कुरकुर ते करेल, घाबरू नका : इमेजच्या तोंडाशी स्वतःला उलगडणारा छोटा प्रोग्राम असतो. मग फाइल उलगडून तिच्यावर 'स्ट्रिंग्ज' (फाइलमधला वाचता येणारा मजकूर दाखवणारी कमांड) चालवा आणि 'व्हर्जन' शोधा. खरी आवृत्ती तिथे सापडते. फाइल अर्धवट उतरली असेल, तर ते तिचा एमडी५ (फाइलच्या मजकुरावरून काढलेला तपासणीचा आकडा) सिस्कोने दिलेल्याशी जुळवल्यावर कळतं. राउटर सुरू झाल्यावर 'शो व्हर्जन' आहेच.

इमेज सिस्कोच्या मालकीची असते, त्यामुळे ती सिस्कोशी करार असलेल्या मार्गानेच घ्यावी. ते जमत नसेल तर सिस्को मॉडेलिंग लॅब्ज या सिस्कोच्याच सरावाच्या प्रोग्रामची मोफत आवृत्ती घ्या; पाच नोड, म्हणजे पाच उपकरणं, मिळतात, आणि सुरुवातीला तेवढे पुरतात.

राहिला आयडल-पीसी, म्हणजे राउटर रिकामा कधी बसलाय हे ओळखायचा आकडा. जीएनएस३मध्ये असे राउटर चालवणाऱ्या डायनामिप्सवर आयओएस रिकामं बसलेलं असतानाही सीपीयू पूर्ण खातं. जीएनएस३ला योग्य आकडा शोधायला सांगा. तो त्या इमेजपुरताच असतो, इमेज बदलली की पुन्हा शोधायचा. मी बदलून विसरलो, तेव्हा लॅपटॉपचा पंखा इतका घोंगावला की शेजारच्या खोलीतून आईने विचारलं, "मिक्सर चालू आहे का रे?"