नवीन डॅमेज कॅरेक्टर घ्यायचंय? जोखताना या चुका टाळा

गेन्शिन इम्पॅक्ट या गेममध्ये नवीन बॅनर (ठरावीक कॅरेक्टर मिळवण्याची मुदतीची सोडत) लागला की तेच प्रश्न पुन्हा सुरू होतात. "हिचा बर्स्ट (एनर्जी भरल्यावर मारायचा मोठा हल्ला) लाखाच्या वर पडतो, घेऊ का?" "टियर लिस्टमध्ये (ताकदीच्या क्रमवारीत) सगळ्यात वर होता, मग माझ्याकडे का चालत नाही?" उत्तरंही तीच द्यावी लागतात, कारण चुका बदलत नाहीत. फाइव्ह-स्टार, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाच्या कॅरेक्टरची हार्ड पिटी (ते हमखास मिळण्याची मर्यादा) ९० पुलांची, पुल म्हणजे सोडतीतला एक डाव, आणि एका पुलाला १६० प्रिमोजेम, हे गेममधलं चलन. पहिला फिफ्टी-फिफ्टी (बॅनरवरचं कॅरेक्टर येणार की दुसरंच, ही नाणेफेक) हरलात आणि नशिबाने काहीच साथ दिली नाही, तर १८० पुल, म्हणजे २८,८०० प्रिमोजेम जातात. पैसे न घालता खेळणाऱ्याला एवढे जमवायला महिने लागतात. घेण्याआधी तासभर डोकं लावणं एवढं तरी करायलाच हवं.

एका मोठ्या आकड्यावर भाळणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं, म्हणून हिचा हिशेब सविस्तर मांडतो.

एक पायरो (अग्नी एलिमेंटचं) कॅरेक्टर घ्या. लेव्हल ९०, अटॅक २,०००, बर्स्टच्या एका हिटचा मल्टिप्लायर (अटॅकच्या किती टक्के डॅमेज ते) ३००%, पायरो गॉब्लेटचा (आर्टिफॅक्ट, म्हणजे कॅरेक्टरला घालायच्या पाच पीसपैकी एक) ४६.६% बोनस, क्रिट रेट (जास्त जोराचा हिट पडण्याची शक्यता) ७०%, क्रिट डॅमेज (तेव्हा होणारी वाढ) १४०%. समोर लेव्हल ९० चा, १०% रेझिस्टन्सचा साधा शत्रू. दोघांची लेव्हल सारखी असली की शत्रूचा डिफेन्स डॅमेज निम्म्यावर आणतो, आणि १०% रेझिस्टन्समुळे आणखी ०.९ ने गुणायचं. क्रिट पडला तर हा हिट साधारण ९,५०० चा. क्रिट पडणं-न पडणं धरून सरासरी काढली तर ७,८०० च्या आसपास.

आता हेच कॅरेक्टर, हेच आर्टिफॅक्ट, तेच टॅलेंट (हल्ल्यांची लेव्हल). फक्त बेनेट या पायरो सपोर्ट कॅरेक्टरच्या बर्स्टमधून ९०० अटॅक मिळाला. काझुहा किंवा सुक्रोझ या वाऱ्याच्या कॅरेक्टरने पायरो स्वर्ल करून (वाऱ्याने पसरवून) व्हिरिडेसेंट व्हेनरर या आर्टिफॅक्ट सेटच्या चार पीसने शत्रूचा रेझिस्टन्स ४० ने पाडला, म्हणजे १० वरून उणे ३०, आणि ०.९ च्या जागी १.१५ आलं. शत्रूवर आधीच हायड्रो (पाणी) होतं, त्यामुळे व्हेपराइझ, म्हणजे पाणी-अग्नीच्या प्रतिक्रियेचे १.५ पट मिळाले. क्रिट पडला. आकडा आला २६,४००.

व्हिडिओच्या थंबनेलवर हा २६,४०० चा आकडा असतो आणि तुमच्या हातात सरासरी ७,८०० चा हिट येतो. खोटं कोणी बोलत नाही. फक्त त्या आकड्यातला मोठा वाटा बेनेट, काझुहा आणि हायड्रो लावणाऱ्याचा आहे, नव्या कॅरेक्टरचा नाही. तुमचे बेनेट आणि काझुहा आधीच दुसऱ्या टीममध्ये अडकले असतील, तर हा आकडा तुमच्यासाठी नाहीच.

म्हणून माझी सवय अशी की कोणताही शोकेस (कॅरेक्टरचं डॅमेज दाखवणारा व्हिडिओ) बघताना आधी टीम बघायची, मग शस्त्र, मग कॉन्स्टेलेशन (तेच कॅरेक्टर पुन्हा मिळाल्यावर उघडणारी वाढीव ताकद), आणि आकडा सगळ्यात शेवटी. यातली एक जरी गोष्ट लपवलेली असेल तर तो व्हिडिओ पुढे बघत नाही.

आकडा कितीही मोठा असो, तो किती वेळात आला याला जास्त किंमत आहे. एक टीम २५ सेकंदांत १० लाख डॅमेज करते, म्हणजे सेकंदाला ४०,०००. दुसरी १६ सेकंदांतच ७ लाख करते, म्हणजे ४३,७५०. स्क्रीनशॉट पहिलीचा फिरतो, पण शत्रू लवकर मरतो दुसरीकडे. स्पायरल ॲबिस या वेळ लावून खेळायच्या लढाईच्या बाराव्या मजल्यावर एका चेंबरचे तीनही स्टार घ्यायला दोन्ही बाजू मिळून तीन मिनिटं असतात. एका टीमच्या वाट्याला ९० सेकंद. त्यातही शत्रू उडून जातो, जमिनीत शिरतो, मध्येच काही सेकंद मारच लागत नाही. मी हिशेबाला ७० सेकंदच धरतो.

वर्णनातली अट न वाचणं

यासाठी रायडेन शोगनचं उदाहरण पुरेसं आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये, २.१ व्हर्जनमध्ये ती आली. इलेक्ट्रोची (विजेची) आर्कॉन, म्हणजे देवता, बर्स्टनंतर सात सेकंद तलवारीने धडाधड वार. बीडू या जुन्या कॅरेक्टरचा बर्स्टही इलेक्ट्रो आणि तो मैदानातल्या कॅरेक्टरच्या वारांबरोबर वीज पाडतो. कित्येकांनी गृहीतच धरलं की ही जोडी जमणार. त्या भरवशावर बीडू वाढवली, पुल साठवले. रायडेन हातात आली आणि तिच्या बर्स्टमधल्या वारांना बीडूची वीज पडेचना. मोठा गदारोळ झाला.

कारण वर्णनात होतं. बीडूच्या विजेची अट आहे नॉर्मल (साधा) किंवा चार्ज्ड (बटण दाबून धरून केलेला) अटॅक शत्रूला लागण्याची. रायडेनच्या बर्स्टमधले वार दिसायला नॉर्मल अटॅक असले तरी त्यांचं डॅमेज एलिमेंटल बर्स्टचं धरलं जातं. गेमच्या दृष्टीने तिथे नॉर्मल अटॅक लागलेलाच नसतो. शिंगचिउ या हायड्रो कॅरेक्टरच्या बर्स्टमधल्या तलवारी मात्र रायडेनबरोबर व्यवस्थित पडतात, कारण तिथे नॉर्मल अटॅक करण्याची कृती पुरते, डॅमेज कोणत्या प्रकारचं ते बघितलं जात नाही.

नवीन कॅरेक्टरच्या बाबतीत म्हणून आधी हे शोधा की त्याच्या मुख्य वारांचं डॅमेज कशात मोडतं: नॉर्मल, चार्ज्ड, प्लंज (उंचावरून मारलेला), स्किल की बर्स्ट. वर्णनात ते स्पष्ट लिहिलेलं असतं. मग टीममधल्या प्रत्येक सपोर्टची अट त्याच्याशेजारी ठेवा. आर्टिफॅक्ट सेटचंही तसंच. "चार्ज्ड अटॅकचं डॅमेज वाढतं" असा सेट बर्स्टवर जगणाऱ्या कॅरेक्टरला घालून रेझिन (रोज मर्यादित मिळणारी, आर्टिफॅक्ट मिळवायला लागणारी ऊर्जा) जाळणारे खूप आहेत. पाच मिनिटं वाचायचा कंटाळा करून पुढचे दोन महिने चुकीच्या डोमेनमध्ये (आर्टिफॅक्ट देणाऱ्या लढाईत) घालवायचे, हा सौदा मला आजवर पटलेला नाही.

वर्णनात जे सहसा लिहिलेलं नसतं ते म्हणजे एलिमेंट लागण्याचा इंटरनल कूलडाउन. ठरलेला नियम असा: एका प्रकारच्या हल्ल्यात पहिला हिट एलिमेंट लावतो, मग एकतर अडीच सेकंद जावे लागतात किंवा तीन हिट मोजून चौथा हिट यावा लागतो. म्हणजे झपाट्याने नऊ हिट मारले तर पहिला, चौथा आणि सातवा एवढेच एलिमेंट लावतात. व्हेपराइझचे १.५ पट त्या तिघांनाच. नऊ हिटांवर पसरवलं तर वाढ १६-१७% ची, ५०% ची नाही. एक व्हेपराइझ झालेला हिट बघून त्याला नऊने गुणणाऱ्यांचा हिशेब इथेच फसतो. काही कॅरेक्टरना या नियमातून सूट असते, त्यामुळे तपासूनच बघा: शत्रूवर सतत हायड्रो ठेवा, वार करा, व्हिडिओ रेकॉर्ड करून संथ गतीने पाहा, आणि कोणत्या हिटवर व्हेपराइझचं नाव उमटतं ते मोजा.

पहिलंच रोटेशन बघणं

पहिल्या रोटेशनला (टीममधल्या सगळ्यांचे हल्ले क्रमाने एकदा मारून होण्याच्या फेरीला) सगळ्यांची एनर्जी भरलेली असते. तेव्हा कोणतंही कॅरेक्टर भारी दिसतं. खरी परीक्षा तिसऱ्या रोटेशनला. तिथे बर्स्ट वेळेवर तयार नसेल तर आर्टिफॅक्टवर एनर्जी रिचार्ज वाढवावा लागतो, आणि तो वाढवताना क्रिट आणि अटॅक कमी होतात. म्हणजे मघाचा आकडाही खाली येतो.

आपल्या एलिमेंटचा पार्टिकल (स्किलमधून पडणारा एनर्जीचा कण) मैदानात असताना घेतला तर ३ एनर्जी मिळते, बाहेर बसून चार जणांच्या टीममध्ये त्याच्या ६०%, म्हणजे १.८. परक्या एलिमेंटचा पार्टिकल मैदानात १, रंगहीन असेल तर २. शांगलिंग या पायरो कॅरेक्टरच्या बर्स्टला ८० एनर्जी लागते. बेनेटची स्किल मारून लगेच शांगलिंगवर आलात तर पार्टिकल ती स्वतः उचलते. बेनेटवरच रेंगाळलात तर तेवढ्याच स्किलमधून तिला ६०% च मिळतं. "माझ्या शांगलिंगचा बर्स्ट कधीच भरत नाही" अशी तक्रार आली की मी रिचार्ज विचारण्याआधी हाच क्रम विचारतो.

जुन्याशी विषम तुलना

जुनं कॅरेक्टर टॅलेंट ९, उत्तम आर्टिफॅक्ट; नवीन कॅरेक्टर टॅलेंट ६, पिशवीत सापडेल ते घातलेलं. मग निकाल: "नवीन काही खास नाही." स्किल आणि बर्स्टचा मल्टिप्लायर सहसा टॅलेंट ६ ला पहिल्या लेव्हलच्या १.४ पट असतो आणि ९ ला १.७ पट. नुसत्या तीन लेव्हलने २१% फरक पडतो. तुलना करायचीच तर दोघांचे टॅलेंट सारखे धरा, शस्त्र त्याच दर्जाचं धरा, आर्टिफॅक्टचे सबस्टॅट (पीसवरचे दुय्यम आकडे) सारखे धरा. कागदावर केलं तरी चालेल.

उलट बाजूची चूकही होते: सेट पूर्ण झालाच पाहिजे या हट्टापायी गॉब्लेटसाठी डोमेन घासत बसणं. एका डोमेनमधून दोन सेट पडतात, पाच प्रकारचे पीस असतात, आणि गॉब्लेटवर एखाद्या ठरावीक एलिमेंटचा बोनस येण्याची शक्यता ५%. गुणाकार केला तर हव्या त्या सेटचा पायरो गॉब्लेट २०० फाइव्ह-स्टार पीसमागे एक. दिवसाचं रेझिन १८०, एका फेरीला २०, म्हणजे नऊ फेऱ्या. नवीन कॅरेक्टरचा हिशेब करताना गॉब्लेट सेटच्या बाहेरचाच धरा आणि चार पीस बाकीच्या जागांवर बसवा.

बाकीच्या, थोडक्यात

लीकमधले (कॅरेक्टर येण्याआधीच फुटलेले) मल्टिप्लायर बघून निर्णय घेऊ नका. बीटामध्ये, म्हणजे चाचणीच्या काळात आकडे बदलतात.

कॉन्स्टेलेशन तपासा. हू ताओ या कॅरेक्टरचे डॅश मारत केलेले सलग चार्ज्ड अटॅक बघून भारावून जाता, पण चार्ज्ड अटॅकला २५ स्टॅमिना लागतो, डॅशला १८, आणि एकूण स्टॅमिना २४०. पाच-सहा कॉम्बोंत तो संपतो. पहिल्या कॉन्स्टेलेशनला स्किल चालू असताना चार्ज्ड अटॅकचा स्टॅमिना लागत नाही, आणि तुम्ही बघितलेला व्हिडिओ बहुधा तोच असतो. मूळ हू ताओ खेळायची तर डॅशऐवजी उडी मारून अटॅक तोडायला शिका, उडीला स्टॅमिना लागत नाही. सराव नको असेल तर ती घेऊच नका.

शस्त्राचंही तेच. होमाच्या काठीवर ६६.२% क्रिट डॅमेज असतं. ते वजा करून आकडा बघा.

कोणाचं काम काय ते ओळखा. कोकोमी या हायड्रो हीलरचा क्रिट रेट १०० ने कमी केलेला पाहून २०२१ मध्ये अनेकांनी तिला टाकाऊ ठरवलं. पुढे फ्रीझ (शत्रू गोठवणाऱ्या) टीममध्ये ती हायड्रो लावायला आणि हीलिंगला ठाण मांडून बसली. क्रिटच्या मापाने तिला मोजायचंच नव्हतं.

भारतातून बहुतेक जण आशिया सर्व्हरवर खेळतात. पिंग जास्त असेल तर कॅरेक्टर बदलायला उशीर होतो आणि प्रत्येक रोटेशनमधून थोडा थोडा वेळ गळतो. ज्याचं सगळं डॅमेज पाच-सात सेकंदांच्या खिडकीत असतं त्याला हे जास्त लागतं. मोबाइल डेटावर खेळत असाल तर हे आधी विचारात घ्या.

ट्रायल वाया घालवणं

बॅनरबरोबर येणाऱ्या ट्रायलमध्ये बहुतेक जण बर्स्ट दाबतात, शत्रू मेले की प्रिमोजेम घेऊन बाहेर पडतात. तिथले शत्रू हलके असतात, टीम तुमची नसते, त्यामुळे डॅमेजच्या आकड्याला अर्थ नाही. त्याऐवजी स्टॉपवॉच लावा. स्किल किती सेकंद चालते आणि किती सेकंदांनी परत येते, बर्स्टचं ॲनिमेशन किती वेळ खातं, मैदानात किती वेळ उभं राहावं लागतं, मार खाल्ल्यावर कॉम्बो तुटतो का, मागे हटलेल्या शत्रूपर्यंत वार पोचतो का. शत्रू मारून टाकू नका, एक जिवंत ठेवा आणि तीन रोटेशन पूर्ण करा.

कॅरेक्टर हातात आल्यावर आणखी एक तपासणी. बेनेटच्या बर्स्टच्या वर्तुळात उभं राहून स्किल किंवा बर्स्ट टाका, मग वर्तुळाबाहेर जा. बाहेर पडल्यावरही बफ (वाढलेला अटॅक) दोनेक सेकंद टिकतो, म्हणून तीन सेकंद थांबा आणि मग आकडे बघा. आकडा तोच राहिला तर बफ टाकतानाच पकडला गेला आहे, शांगलिंगच्या बर्स्टसारखा, आणि तुम्ही मोकळेपणाने फिरू शकता. आकडा पडला तर वर्तुळ सोडून चालणार नाही, आणि जे शत्रू सतत जागा बदलतात त्यांच्यासमोर बेनेटऐवजी दुसरा बफर शोधावा लागेल. क्रिट पडलेले आणि न पडलेले आकडे एकमेकांशी ताडून बघू नका, क्रिटची क्रिटशीच तुलना करा.