प्रॉडक्शनसाठी नवे कामगार कसे घ्यावेत : भोसरी-चाकणच्या छोट्या कारखानदारांसाठी

सात तारखेला पगार खात्यात पडतो आणि आठ तारखेला दोन-तीन मशिनी माणसावाचून उभ्या असतात. पुण्याजवळच्या भोसरी, चाकण, तळेगाव, रांजणगाव, कुठल्याही पट्ट्यातल्या छोट्या कारखान्यात हे चालू आहे, आणि मालकांचं ठरलेलं वाक्य आहे, "हल्लीची पोरं टिकतच नाहीत." मला हे पटत नाही. लातूर, बीड, बुलढाण्याहून घर सोडून आलेला मुलगा काम सोडायला आलेला नसतो. भरतीच्या वेळी सांगितलेलं पहिल्याच महिन्यात खोटं निघतं, म्हणून तो जातो. पगार सांगितला एक आणि हातात पडला दुसरा, काम सांगितलं पॅकिंगचं आणि उभं केलं प्रेसवर. त्यामुळे भरतीची खरी सुरुवात जाहिरातीच्याही आधी, तुमच्याच शॉपफ्लोअरवर होते.

आधी काम कागदावर उतरवा

"दहा हेल्पर पाहिजेत" एवढ्यावर भरती करू नका. सुपरवायझरला सोबत घ्या, त्या जागेवर तासभर उभे राहा आणि दिसेल ते लिहा. किती किलो उचलावं लागतं, बसून काम की उभ्याने, कुलंट (मशिन थंड ठेवणारं द्रावण) अंगावर उडतं का, आवाज किती, गेज वाचता यायला हवा की नुसतं गो-नो गो (माप बरोबर की चूक एवढंच सांगणारा गेज) लावायचं आहे, टॉयलेटला जायचं तर लाइनवर जागा कोण धरणार. या कागदावरून शिक्षणाची अट आपोआप ठरते. दहावी पास मुलगा आठवड्यात शिकेल अशा कामाला अनेक जण "आयटीआय आवश्यक" लिहितात. दोन वर्षं फिटर ट्रेड केलेल्या मुलाला खोकी चिकटवायला बसवलं तर तो महिनाभरात दुसरीकडे जाणार, आणि त्यात त्याची काही चूक नाही. सीएनसी-व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनींवर) पुढे ऑपरेटर करायचा असेल तर मात्र मशिनिस्ट, टर्नर, फिटर ट्रेडचाच मुलगा शोधा आणि त्याला ऑपरेटर कधी करणार तेही आधीच ठरवा.

हातात किती पडणार, हे आधी स्वतः मांडा

प्रत्येक उमेदवार हा एक प्रश्न विचारतोच. "सीटीसी"चा, म्हणजे कंपनीला पडणाऱ्या एकूण खर्चाचा, आकडा त्याच्या कामाचा नाही. त्याला खोलीभाडं द्यायचंय, खानावळीचे पैसे द्यायचेत, घरी पाठवायचेत.

समजा महिन्याचा पगार १८,००० रुपये आहे. पीएफ १५,००० च्या मर्यादेवर धरला तर १२ टक्क्यांनी १,८०० रुपये गेले. ईएसआयसीचे (कामगार राज्य विम्याचे) कामगाराकडून ०.७५ टक्के, म्हणजे १३५. प्रोफेशन टॅक्स २०० (फेब्रुवारीत ३००). हातात राहिले १५,८६५. महाराष्ट्रात महिलांना २५,००० पर्यंतच्या पगारावर प्रोफेशन टॅक्स नाही, त्यामुळे त्याच पगारावर महिला कामगाराच्या हातात १६,०६५ पडतील. बस आणि कॅन्टीनचे पैसे कापत असाल तर तेही यातून वजा करून दाखवा. मालकाच्या बाजूने ईएसआयसीचे ३.२५ टक्के आणि पीएफचा वाटा वेगळा येतो, तो कामगाराच्या पगारातून काढणं बेकायदा आहे. पीएफ २० कामगारांपासून लागू होतो, ईएसआयसी १० कामगारांपासून आणि २१,००० पर्यंतच्या पगाराला.

आणखी दोन गोष्टी. किमान वेतनातला विशेष (महागाई) भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो, त्यामुळे मागच्या वर्षीच्या आकड्यावर नवी भरती करू नका. आणि ओव्हरटाइमचा दर दुप्पट आहे. "ओटी सिंगल" ही पद्धत अनेक ठिकाणी बिनदिक्कत चालते. मुलं ती निमूटपणे सोसतात आणि शेजारच्या प्लॉटवर दुप्पट मिळतो असं कळलं की एका दिवसात निघून जातात.

माणसं कुठे मिळतील

आयटीआयपासून सुरुवात करा. औंधचं शासकीय आयटीआय आणि मोरवाडीचं पिंपरी-चिंचवड महापालिकेचं आयटीआय सगळ्यांना माहीत आहे, म्हणून मोठ्या कंपन्या तिथे आधी पोचलेल्या असतात. तुमचा कारखाना लहान असेल तर तालुक्याच्या आयटीआयकडे वळा. तिथल्या ट्रेडच्या निदेशकांना प्रत्यक्ष भेटा, तुमचा कारखाना बघायला बोलवा. कुठला मुलगा हाताने चांगला आहे आणि कुठला नुसता मार्कांनी, हे त्यांच्याइतकं कुणी सांगू शकत नाही. परीक्षा संपायच्या आधी गेलात तर निवडायला वाव राहतो.

कामगारसंख्या ३० किंवा जास्त असेल तर अप्रेंटिस घेणं तुम्हाला बंधनकारक आहे, एकूण संख्येच्या २.५ ते १५ टक्के. करार सरकारी पोर्टलवर नोंदवावा लागतो, आणि राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेत स्टायपेंडचा २५ टक्के वाटा, महिना १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलतं. पण अप्रेंटिस म्हणजे स्वस्तातला हेल्पर नव्हे. त्याला शिकवायचं ठरलेलं असतं, ते शिकवा. वर्षभर पार्टच्या कडेची नुसती बर (राहिलेला धारदार कंगोरा) काढायला लावलेला मुलगा तुमच्याकडे कायम राहणार नाही आणि दुसरीकडेही मागे पडेल.

राज्य सरकारच्या महास्वयम पोर्टलवर जागा टाका, जिल्ह्यातल्या रोजगार मेळाव्यात टेबल घ्या. सगळ्यात जास्त माणसं मात्र अजूनही तोंडी आणि व्हॉट्सअॅपवरच येतात. म्हणून जाहिरात अशी लिहा की ती फॉरवर्ड झाली तरी तिचा अर्थ बदलू नये :

"निघोजे येथे ऑटो पार्ट असेंब्लीसाठी हेल्पर पाहिजेत, मुलं-मुली दोन्ही. वय १८ पूर्ण, शिक्षण दहावी. काम ८ तास, उभं राहून. १० किलोपर्यंतचे क्रेट उचलावे लागतात. दोन शिफ्ट, रात्रपाळी नाही. पगार १८,०००, पीएफ, ईएसआयसी, प्रोफेशन टॅक्स जाऊन हातात सुमारे १५,८०० (मुलींना सुमारे १६,०००). ओटी दुप्पट. बस चाकणच्या तळेगाव चौकातून. नोकरीसाठी कुणालाही एक रुपयाही देऊ नये."

शेवटचं वाक्य विसरू नका. जॉइनिंग करून देतो म्हणून गावाकडून आलेल्या मुलांकडून हजारो रुपये उकळणारे एजंट या पट्ट्यात आहेत. आईने दागिना गहाण ठेवून दिलेले पैसे असतात ते. तुमच्या गेटवर, तुमच्या नावावर असं घडत असेल तर ते थांबवणं तुमचं काम आहे. मुलाखतीला आलेल्या प्रत्येकाला सुपरवायझरसमोर नको, एकट्याला विचारा : "इथं येण्यासाठी कुणाला पैसे दिलेस का?"

कंत्राटदारामार्फत माणसं घेतलीत तरी जबाबदारी सुटत नाही. त्याने पगार बुडवला तर तो द्यायची वेळ मुख्य मालकावर, म्हणजे तुमच्यावर येते. दर महिन्याला त्याच्याकडून पीएफचं चलन नावांच्या यादीसकट मागा आणि ती यादी तुमच्या हजेरीशी ताडून बघा. नुसतं "भरलंय साहेब" यावर बिल पास करू नका.

निवड : प्रश्न कमी, हातात काम द्या

"पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?" हे हेल्परला विचारून हाती काही लागत नाही. त्यापेक्षा टेबलावर एक ट्रे ठेवा. त्यात तुमच्याच लाइनवरचे ३० पार्ट असू द्या, त्यांतल्या चार-पाचांना बर, पोचा किंवा अर्धवट थ्रेड. एक चांगला नमुना हातात द्या आणि खराब वेगळे काढायला सांगा. घाई करू नका म्हणून सांगा. कोण एकेक पार्ट फिरवून उजेडाकडे धरतो आणि कोण मूठभर उचलून बाजूला सारतो, हे पाच मिनिटांत समजतं.

आयटीआयच्या मुलाला व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) द्या. मेन स्केलवर २४ आणि व्हर्नियरची अठरावी रेघ जुळलेली, लीस्ट काउंट (मोजता येणारं सगळ्यात लहान माप) ०.०२, तर उत्तर २४.३६ मिलिमीटर यायला हवं. पण उत्तराआधी त्याचे हात बघा. त्याने जबडे पुसले का? शून्य तपासलं का? पार्ट तिरका धरला का? वाचनात चुकलेला मुलगा दोन दिवसांत सुधारतो. मोजण्याआधी जबडे पुसायची सवय लागायला फार वेळ जातो, म्हणून मी त्या सवयीला जास्त गुण देते.

मग त्याला शॉपमध्ये न्या, नेमक्या त्याच मशिनीजवळ, शिफ्ट चालू असताना. तिथल्या कामगाराशी दहा मिनिटं बोलू द्या आणि तुम्ही बाजूला व्हा. काही जण तिथूनच परत जातील. जाऊ द्या, जॉइन करून चौथ्या दिवशी जाण्यापेक्षा ते बरं.

भोसरी-पिंपरी पट्ट्यात बहुतेक कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. सध्या दुसरीकडे कामावर असलेले चांगले हात त्या दिवशी मोकळे असतात, तेव्हा मुलाखती गुरुवारी ठेवा.

कागदपत्रं

आधार, पॅन, बँक पासबुक, शाळा सोडल्याचा दाखला, ट्रेडचं प्रमाणपत्र आणि आधी काम केलं असेल तर जुना यूएएन (पीएफचा कायमचा) नंबर. झेरॉक्स घ्या, मूळ कागद तिथल्या तिथे परत करा. कुणाचेही मूळ दाखले कपाटात अडकवून ठेवू नका. आधार, पासबुक आणि पीएफमधलं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का ते पहिल्याच दिवशी बघा. आधारवर वडिलांचं नाव मधे आणि बँकेत नुसतं आडनाव, एवढ्याशा फरकाने पुढे पीएफ काढताना माणूस महिनोन्महिने खेटे घालतो.

नियुक्तीपत्र प्रत्येकाला द्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनुसार ते द्यावंच लागतं. मराठीत द्या, आणि बिहार-ओडिशाहून आलेल्यांना हिंदीत.

ईएसआयसीची नोंद टाळू नका. कामावर झालेल्या इजेला पहिल्या दिवसापासून संरक्षण असतं, पण नोंदच नसेल तर चिंचवडच्या मोहननगरच्या किंवा बिबवेवाडीच्या हॉस्पिटलात माणूस कार्डाविना उभा राहतो.

पहिला महिना

पहिल्या दिवशी नव्या माणसाला मशिनीवर उभं करू नका. सेफ्टी शूज त्याच्या मापाचे आहेत का बघा. आठ नंबरच्या पायाला दहाचा बूट देऊन उपयोग नाही. इमर्जन्सी स्टॉप कुठे आहे ते दाखवा, आणि त्याच्याच हाताने दाबून घ्या.

पॉवर प्रेसबद्दल (पत्रा दाबून कापणारी किंवा आकार देणारी मशिन) मला कुठलीही तडजोड मान्य नाही. नव्या हेल्परला प्रेसवर लावू नका, मग डिस्पॅच कितीही अडो. दोन्ही हातांनी बटणं दाबल्याशिवाय प्रेस चालू नये अशी सोय असते. प्रॉडक्शन वाढावं म्हणून त्यातलं एक बटण बांधून ठेवलेलं मी पाहिलं आहे. वीस वर्षांच्या मुलाची बोटं गेली की त्याचं पुढचं सगळं आयुष्य बदलतं. प्रेसवर माणूस द्यायच्या आधी ते बटण, गार्ड आणि सेन्सर स्वतः तपासा.

प्रत्येक नव्या माणसाला एक जुना माणूस जोडून द्या, आणि जुन्याला त्याचे थोडे पैसे द्या, नाहीतर तो शिकवणं लोढणं समजतो. खोलीचीही चौकशी करा. खराबवाडी, नाणेकरवाडी, महाळुंगेत डिपॉझिट भरायला पहिल्या महिन्यात अनेकांकडे पैसे नसतात. पंधरा दिवसांनी थोडा अॅडव्हान्स दिलात तर सावकाराच्या दारात जाणारा माणूस तुमच्याकडे राहतो.

महिला कामगार घेणार असाल तर कपडे बदलायची खोली, स्वच्छ टॉयलेट आणि वेळेवर बस आधी तयार ठेवा. दहा कामगारांपासून अंतर्गत तक्रार समिती बंधनकारक आहे. तिच्या सदस्यांची नावं बोर्डावर लावा. रात्रपाळी फक्त संमतीने आणि घरापर्यंत सोडायच्या सोयीसह.

पहिला पगार झाला की त्याच दिवशी नव्या प्रत्येकाला पगारपत्रक देऊन दोन मिनिटं बसवा. सांगितलेला आकडा आणि पडलेला आकडा शेजारी ठेवा. फरक असेल तर कारण सांगा, आणि चूक तुमच्या ऑफिसची असेल तर पुढच्या महिन्यावर न ढकलता लगेच भरून द्या.

सुट्ट्यांचं आधी ठरवा

मृगाच्या पेरण्या, दिवाळी, गावची जत्रा, लग्नसराई आणि उत्तरेकडच्या मुलांची होळी-छठ. या दिवसांत माणसं जाणारच. आरडाओरडा करून अडवली तर ती न सांगता जातात आणि परतही येत नाहीत. दोन महिने आधी लाइनवर कागद फिरवा, कोण कधी जाणार ते लिहून घ्या, निम्मे आधी आणि निम्मे नंतर असं वाटून द्या. जाणाऱ्याला परत येण्याची तारीख विचारा आणि "तुझी जागा ठेवतो" हे लेखी द्या.

गावाहून परतताना तो भाऊ किंवा मित्र घेऊन येईल. त्या नव्या मुलाची ट्रेची परीक्षा तशीच घ्या, ओळखीचा म्हणून सोडू नका. तो रुजू झाला की आणणाऱ्याला ठरलेल्या बक्षिसाची अर्धी रक्कम द्या, आणि नवा मुलगा तीन महिने टिकला की उरलेली अर्धी.