जुना थ्री-हेड कॅसेट डेक घेताना आणि पुन्हा चालता करताना

पुढच्या पट्टीवरचे दिवे आणि मीटर बघून डेकची किंमत ठरवू नका. पैसे मोजायचे ते हेडसाठी, म्हणजे टेपला टेकून आवाज लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या चुंबकीय भागासाठी, आणि टेप ओढणाऱ्या यंत्रणेसाठी. साध्या डेकमध्ये रेकॉर्डिंग आणि प्लेबॅक एकच हेड करतं. रेकॉर्डिंगला हेडची फट रुंद लागते, प्लेबॅकला अरुंद, त्यामुळे तिथे तडजोड ठरलेलीच. नाकामिची या जपानी कंपनीनं 1973 साली ‘1000’ हा डेक काढला तेव्हा दोन्ही कामांना वेगळी हेड्स दिली; टेप पुसणारं हेड धरून ती तीन. रेकॉर्ड होत असतानाच टेपवर काय उतरतंय ते ऐकता येणं, ही त्याची दुसरी गंमत.

घ्यायला जाताना छोटा आरसा आणि टॉर्च न्या. प्लेबॅक हेडवर टेप घासून गेलेला चकचकीत पट्टा दिसतो. त्याच्या कडेवरून नख हलकेच फिरवा. नख अडकलं तर तिथे पायरी पडली आहे आणि टेपची कड त्यात फरफटणार. असा डेक सोडून द्या. बेल्ट मिळतो, रोलर मिळतो, मोटरही कुठून तरी मिळते, पण चांगलं हेड मिळणं फार कठीण. पहिलाच डेक म्हणून नाकामिचीचा 1982 चा ‘ड्रॅगन’ही नको. तो टेपनुसार हेडचा कल आपोआप जुळवतो हे खरं, पण दुरुस्तीला तितकाच किचकट आहे.

घरी आणल्यावर आधी मागचं लेबल वाचा. जपानचा डेक 100 व्होल्टचा, अमेरिकेचा 120 चा. आपल्या 230 वर थेट लावला तर पहिल्याच मिनिटाला धूर. 100 व्होल्टच्या डेकला बाजारात सरसकट मिळणारा 110 चा ट्रान्सफॉर्मर चालवून घेऊ नका, 100 चाच बनवून घ्या. 100 व्हीए क्षमतेचा पुरतो.

वीस-तीस वर्षं पडून राहिलेल्या डेकमधला बेल्ट बऱ्याचदा डांबरासारखा वितळलेला असतो. तो चिमट्यानं काढा आणि पुलीच्या खाचेतला चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पूर्ण साफ करा. जरासा राहिला तरी नवा बेल्ट घसरतो. मापासाठी बेल्टच्या वाटेनं दोरा फिरवा आणि आलेल्या लांबीतून 5 ते 7 टक्के वजा करा. फार घट्ट बेल्टचा ताण मोटरच्या बुशिंगवर, म्हणजे दांडा फिरतो त्या बाहीवर येतो. रिळं फिरवणाऱ्या आयडलरचा रबरी टायर गुळगुळीत झाला असेल तर तोही याच वेळी बदला. टेप गुंडाळली न जाण्याचं ते नेहमीचं कारण.

हेड आणि कॅप्स्टन, म्हणजे टेप पुढे सरकवणारी फिरती धातूची दांडी, यांना 99 टक्क्यांचं अल्कोहोल चालतं. मेडिकलमधल्या स्पिरिटमध्ये पाणी असतं, ते नको. टेप कॅप्स्टनवर दाबून धरणाऱ्या रबरी पिंच रोलरला मात्र अल्कोहोल वारंवार लावू नका, रबर कडक होतं. सौम्य साबणाचं पाणी पुरे. काचेसारखा चमकणारा रोलर थेट बदला. नवा मागवताना बाहेरचा व्यास, रुंदी आणि आतल्या दांड्याची जाडी कॅलिपरनं मोजून द्या.

पहिली कॅसेट टाकाऊच लावा, शक्यतो सी-60, म्हणजे साठ मिनिटांची. सी-120 ची टेप फार पातळ असते. झाकणाचं पुढचं कव्हर काढून, डेकला दोन कॅप्स्टन असतील तर त्यांच्यामधली टेप बघत राहा. ती ताठ हवी. तिथे झोळ दिसला की लगेच स्टॉप, नाहीतर डेक कॅसेट खाणार. डावीकडच्या रिळाचा ताण कमी पडतोय किंवा उजवा रोलर घसरतोय, या दोनपैकी एक बहुधा असतं.

वेग तपासायचा तो यानंतर. डेक पंधरा मिनिटं चालू ठेवा, 3150 हर्ट्झची टेस्ट टेप लावा आणि फोनवरच्या फ्रिक्वेन्सी ॲपमध्ये आकडा बघा. 1 टक्का चूक म्हणजे 31.5 हर्ट्झ. चूक 6 टक्क्यांवर गेली की काळी एकमधलं गाणं पांढरी दोनमध्ये पोहोचतं, म्हणजे तानपुरा घेऊन बसणाऱ्याला ते लगेच कळतं. वेगाचा स्क्रू बऱ्याच मोटरमध्ये मागच्या भोकात असतो. प्लॅस्टिकच्या स्क्रूड्रायव्हरनं केसभर फिरवा, थांबा, पुन्हा बघा. आकडा सतत वरखाली होत असेल तर स्क्रूला हात लावू नका, दोष बेल्टमध्ये किंवा रोलरमध्ये आहे.

आता हेडचा कल, म्हणजे ॲझिमथ. टेप सेकंदाला 4.76 सेंमी सरकते, त्यामुळे 15 किलोहर्ट्झची एक लहर टेपवर जेमतेम 3 मायक्रॉनची असते. ट्रॅक साधारण 0.6 मिमी रुंद. हेड पाव अंश कललं तरी ट्रॅकच्या दोन कडांमध्ये जवळजवळ एका लहरीचा फरक पडतो आणि तो सूर गायब होतो. घरगुती मैफलीची जुनी कॅसेट ‘दबकी’ वाटते तेव्हा ती खराबच असते असं नाही. ती दुसऱ्याच कलाच्या डेकवर रेकॉर्ड झालेली असू शकते. आवाज मोनो करा, झांजा किंवा ‘स’चा उच्चार ऐकत हेडच्या कलाचा स्क्रू दोन्हीकडे थोडा थोडा फिरवा आणि सर्वांत स्वच्छ ऐकू येईल तिथे थांबा. आधीची जागा मार्करनं खूण करून ठेवा, काम झालं की परत तिथेच आणा. रेकॉर्ड आणि प्लेबॅक हेड सुटी असतील तर फक्त प्लेबॅकचा स्क्रू, रेकॉर्डचा अजिबात नाही.

डॉल्बी म्हणजे टेपची खरखर कमी करणारी सोय. तिचं बटण कॅसेट ज्या प्रकारात (बी किंवा सी) रेकॉर्ड झाली त्यावरच ठेवायचं. बी सुमारे 10 डेसिबल खरखर कमी करतं, सी सुमारे 20. डॉल्बी लावून केलेली कॅसेट बटण बंद करून ऐकली की आवाज उजळ वाटतो. अनेकांना तेच आवडतं, पण तो मूळ आवाज नव्हे. कल चुकलेला असताना डॉल्बी लावलं तर उरलेसुरले तीव्र सूरही दाबले जातात, म्हणून आधी ॲझिमथ, मग डॉल्बी.

कोकणात किंवा मुंबईच्या दमट हवेत राहिलेल्या कॅसेटच्या रिळावर पांढरी बुरशी दिसली तर ती या डेकमध्ये घालू नका. अशा कॅसेटसाठी एखादा स्वस्तातला वॉकमन वेगळा ठेवा.