कॉम्पिटिंग रिस्क: मृत्यूला ‘सेन्सॉर’ म्हणू नका, आणि इतर काही चुका

कृत्रिम खुबा बसवलेले दहा रुग्ण घेऊ. प्रश्न एवढाच, की त्यातल्या किती जणांना पुन्हा शस्त्रक्रिया लागते? पहिल्या वर्षी चौघे इतर आजारांनी दगावले. दुसऱ्या वर्षी तिघांची फेरशस्त्रक्रिया झाली. तिसऱ्या वर्षी, फेरशस्त्रक्रिया न झालेल्यांपैकी आणखी दोघे गेले. एक जण अजून पहिल्याच खुब्यावर चालतोय. पाठपुरावा कुणाचाच सुटलेला नाही, त्यामुळे उत्तर बोटांवर मोजता येतं: दहात तीन, म्हणजे ३० टक्के. मृत्यू आधी आला तर फेरशस्त्रक्रिया होऊच शकत नाही; अशा वाट अडवणाऱ्या घटनेला कॉम्पिटिंग रिस्क म्हणतात.

आता हाच डेटा कप्लान-मायरला, म्हणजे घटनेपर्यंतच्या काळाचा हिशेब करणाऱ्या नेहमीच्या पद्धतीला द्या आणि मृत्यूंना सेन्सॉर म्हणा, म्हणजे ‘यांचं पुढे काय झालं ते माहीत नाही’ असं धरून त्यांना तिथून पुढच्या मोजणीतून काढा. दुसऱ्या वर्षी धोक्यात उरले सहा, त्यात घटना तीन. उत्तर येतं ५० टक्के. उलट बाजूने मृत्यूचा हिशेब करून फेरशस्त्रक्रियांना सेन्सॉर केलंत, तर मृत्यूचं प्रमाण निघतं ८० टक्के. दोन्हींची बेरीज १३०. दहा माणसांत तेरा जणांचा हिशेब लागला की चूक कुठे आहे ते वेगळं सांगायला नको.

यात १९५८च्या कप्लान-मायर पद्धतीचा दोष नाही. सेन्सॉर झालेल्या माणसाचं पुढे उरलेल्यांसारखंच होईल, असं ती धरून चालते. गाव सोडून गेलेल्या रुग्णाबाबत हे पटण्यासारखं आहे. त्याचा खुबा कुठेतरी झिजतोच आहे. मेलेल्याचा झिजत नाही. अशा वेळी आलेन-जोहान्सन पद्धतीने प्रत्येक घटनेचा क्युम्युलेटिव्ह इन्सिडन्स, म्हणजे त्या काळापर्यंत ती घडलेल्यांचं एकूण प्रमाण, काढायचा. आपल्या उदाहरणात तो ३० आणि ६० येतो, १० टक्के उरतात, हिशेब जुळतो. ही बेरीज मी दर वेळी करून पाहते.

क्षेत्र बदललं की हीच चूक वेगळा वेश घेऊन येते. कर्जाच्या डेटात थकबाकीचा अभ्यास चालू असतो आणि मुदतीआधी कर्ज फेडणाऱ्यांना बिनदिक्कत सेन्सॉर केलं जातं. पण फिटलेलं कर्ज थकणार कसं? बेरोजगारीच्या अभ्यासात नोकरी मिळणं आणि नोकरी शोधणंच सोडून देणं या दोन वेगळ्या वाटा आहेत. रेडिओ कॉलर लावलेल्या प्राण्यांमध्ये शिकाऱ्याची गोळी आणि भक्षकाचा हल्ला एकमेकांशी स्पर्धा करतात. कॉलरची बॅटरी संपली, तर मात्र ते खरं सेन्सॉरिंग.

यंत्रांच्या बाबतीत थोडं थांबायला हवं. बेअरिंगचा दोष डिझाइन बदलून पूर्ण काढून टाकला, तर मोटरचं वाइंडिंग (तारेचं वेटोळं) किती वर्षं टिकेल, असा प्रश्न अभियंता खरोखर विचारतो. गणितज्ञ डॅनियल बर्नुलीने १७६० मध्ये देवीच्या रोगाबद्दल हेच विचारलं होतं: देवी नाहीशी झाली तर आयुष्य किती वाढेल? इथे दुसऱ्या घटनेला सेन्सॉर करणं चालतं, पण दोन्ही बिघाड परस्परांशी निगडित नसतील तरच. आणि ते तसे आहेत की नाहीत, हे निव्वळ त्या डेटावरून कधीच तपासता येत नाही, असं संख्याशास्त्रज्ञ त्सियातिस यांनी १९७५ मध्ये दाखवून दिलं. तो निर्णय यंत्राची जाण असलेल्यानेच घ्यायचा.

यानंतरची चूक जास्त शिकलेल्यांची. मृत्यू सेन्सॉर करायचे नाहीत एवढं कळलं, की सरसकट फाइन-ग्रे मॉडेल (घटनेच्या एकूण प्रमाणावर एखाद्या घटकाचा परिणाम पाहणारं) लावायचं. अतिदक्षता विभागातले दोन गट घ्या. दोन्हींत रोज २ टक्के रुग्ण दगावतात. पहिल्यात रोज १८ टक्के बरे होऊन बाहेर पडतात, दुसऱ्यात ८ टक्केच. शेवटी पहिल्या गटात २० पैकी २, म्हणजे १० टक्के मृत्यू होतात. दुसऱ्यात १० पैकी २, म्हणजे २० टक्के. मृत्यूचा रोजचा धोका तोच, पण मुक्काम लांबला म्हणून मृत्यू दुप्पट. कॉज-स्पेसिफिक कॉक्स मॉडेल (अजून धोक्यात असलेल्यांमध्ये त्या एका घटनेचा वेग पाहणारं) म्हणेल ‘मृत्यूच्या वेगात फरक नाही’, फाइन-ग्रे म्हणेल ‘फरक आहे’. दोन्ही खरं बोलतायत. कारण शोधायचं असेल तर पहिलं, रुग्णाला शक्यता सांगायची असेल तर दुसरं. मी तर दोन्ही, आणि बरे होऊन बाहेर पडण्याचंही मॉडेल, एकाच तक्त्यात मागते.

१९९९च्या या फाइन-ग्रे मॉडेलमध्ये दुसऱ्या घटनेने बाहेर पडलेले लोक धोक्यातल्यांच्या मोजणीत तसेच राहतात. म्हणून त्यातल्या १.५ या गुणोत्तराचं ‘धोका दीडपट’ असं वाचन करू नये. दिशा कळते, किती, ते आलेखातून दाखवावं. रोज बदलणारी रक्तचाचणी या मॉडेलमध्ये घालण्याचा मोह तर टाळाच: मेलेल्या माणसाची आजची चाचणी कुठून आणणार?

शेवटी एक कोडिंगचा सापळा. आर भाषेच्या सर्व्हायव्हल पॅकेजमध्ये ० म्हणजे सेन्सॉर, १ म्हणजे आपली घटना, २ म्हणजे दुसरी घटना असा आकडी स्तंभ तसाच दिला, तर कमाल आकडा २ दिसल्यावर ते १ला सेन्सॉर आणि २ला घटना समजतं. ० असलेल्या ओळी गहाळ ठरतात. म्हणजे खरे सेन्सॉर झालेले गायब, आपली घटना सेन्सॉर, आणि मॉडेल भलत्याच घटनेचं. याबद्दल एक ओळीचा इशारा येतो, पण निकालही छापला जातो, त्यामुळे इशारा कुणी वाचत नाही. स्तंभ आधी फॅक्टर (आकड्यांऐवजी गटांचा स्तंभ) करा, सेन्सॉरला पहिली पातळी द्या, आणि मॉडेलने मोजलेल्या घटना मूळ तक्त्याशी ताडून पाहा.